अंत्युखियाची मंडळी आणि तिचें बळ

(पाठ : प्रेषितांचीं कृत्यें 11:19-30, 13:1-3, 14:26-28, गलतीकरांस पत्र 2:11-14. वर्ग घेणाऱ्या उपदेशकांनीं हे चारी उतारे प्रथम मोठ्यानें वाचून दाखवावे.)

अमुक मंडळी बळकट आहे कीं दुबळी, हें ओळखावें कसें, असा प्रश्न खेडोपाडींच्या उपदेशकांकडून पुष्कळदां विचारण्यांत येतो. कोणी सभासदांची यादी पुढें करितात, कोणी मंदिरावरील नवीं कौलें दाखवितात, कोणी नाताळांत जमलेल्या वर्गणीचा आंकडा सांगतात. यादी, कौलें व वर्गणी हीं तिन्ही उपयोगाचीं आहेत खरीं. परंतु मंडळीच्या अंतर्यामाची साक्ष त्यांपैकीं एकही देत नाहीं. ज्वारीची कणगी बाहेरून कांठोकांठ भरलेली दिसली, तरी आंत कीड शिरली असेल तर पेरणीच्या दिवशीं त्या दाण्याचा उपयोग होत नाहीं. म्हणून आज आपण अशा एका मंडळीकडे पाहूं, कीं जिच्या आरंभींच्या मंदिराचा किंवा वर्गणीच्या वहीचा पवित्र शास्त्रांत उल्लेख नाहीं, आणि तरीही पौलाचे सर्व मोठे प्रवास जिच्या उंबरठ्यावरून निघाले.

अंत्युखिया हें सूरिया प्रांताचें मुख्य शहर. ओरोंतेस नदीच्या कांठीं ख्रिस्तपूर्व 300 च्या सुमारास सेल्यूकस राजानें तें वसविलें. प्रेषितांच्या काळीं रोमी साम्राज्यांत रोम व अलेक्झांड्रिया यांच्या खालोखाल त्याची गणना होत असे. समुद्र तेथून सुमारें पंधरा मैलांवर, आणि सलूकिया हें त्याचें बंदर. ग्रीक, सूरियन, यहूदी, रोमी शिपाई, व्यापारी व गुलाम यांची तेथें दाटी. शहराबाहेर दफ्ने येथें अपोलो देवाची देवराई होती, आणि तिच्या आश्रयानें चालणारे विलास जगप्रसिद्ध होते. भक्तिमान मनुष्यानें मंडळी स्थापण्यासाठीं निवडावें असें हें ठिकाण नव्हे.

आतां ही मंडळी स्थापिली कोणीं? पौलानें नव्हे, पेत्रानेंही नव्हे. स्तेफनास दगडमार करून ठार मारिल्यानंतर यरुशलेमांत जो छळ उठला, त्यामुळें पांगलेले विश्वासी फेनिके, कुप्र व अंत्युखिया येथपर्यंत आले. त्यांपैकीं बहुतेकांनीं केवळ यहूद्यांसच वचन सांगितलें. परंतु कुप्र व कुरेने येथील कांहीं माणसांनीं हेल्लेणी लोकांशींही बोलण्यास आरंभ केला. लूक हा बारीकसारीक नांवें टिपणारा लेखक आहे. पेत्राचा आवाज ओळखून आनंदाच्या भरांत दार उघडावयाचें विसरणाऱ्या रुदा नांवाच्या दासीसही त्यानें वगळलें नाहीं (12:13). तथापि एवढ्या थोर मंडळीचा पाया घालणाऱ्या या माणसांचीं नांवें त्याच्या ग्रंथांत कोठेंही सांपडत नाहींत. त्यांस कोणी नेमिलें नव्हतें, त्यांच्यावर कोणीं हात ठेविले नव्हते, त्यांच्यापाशीं शिफारसपत्रही नव्हतें. घरदार सोडून आलेलीं हीं माणसें पोटाचा उद्योग शोधीत असतील, भाड्यानें जागा पाहात असतील. आणि हें करितां करितां शेजाऱ्याशीं, गिऱ्हाइकाशीं, नदीवर भेटणाऱ्याशीं बोलत असतील. प्रभूचा हात त्यांच्याबरोबर होता, एवढेंच लूक सांगतो.

उपदेशकाची बदली झाली म्हणजे आपल्या पुष्कळ गांवीं उपासना बंद पडते. दार लावलेलें, घंटेस धूळ बसलेली, आणि विचारिलें तर उत्तर मिळतें कीं, आतां साहेब दुसरा माणूस पाठवितील तेव्हां पाहूं. प्रत्येक गांवीं मिशनचा पगारी मनुष्य असण्याचे दिवस केव्हांच गेले. तें उत्तर मात्र अजून गेलें नाहीं. अंत्युखियांतील त्या अनामिकांनीं जर यरुशलेमाहून कोणी येण्याची वाट पाहिली असती, तर बर्णबा तेथें आला तेव्हां त्याला पाहावयास कांहींच मिळालें नसतें. आमच्या मतें मंडळीच्या बळाची पहिली परीक्षा हीच आहे कीं, पाळक नसलेल्या रविवारीं तेथें काय घडतें.

यरुशलेमच्या मंडळीस हें वर्तमान कळतांच तिनें बर्णबास पाठविलें. येथें थोडें थांबून या माणसाकडे पाहिलें पाहिजे. तो लेवी होता, आणि लेव्यांस शुद्धाशुद्धतेचे संस्कार बाळपणापासून मिळत. तो येऊन पाहतो तों सुंता न झालेले ग्रीक लोक प्रभूचें नांव घेत आहेत. कदाचित् प्रार्थनेंत चुकतही असतील, जुन्या संवयी सुटल्या नसतील. दुसरा कोणी असता तर प्रथम दोषांची यादी करिता. बर्णबास देवाची कृपा दिसली आणि त्याला हर्ष झाला. नंतर त्यानें त्यांस दृढनिश्चयानें प्रभूस धरून राहण्याचा बोध केला. आधीं हर्ष व मग बोध, हा क्रम मंडळ्यांस भेटी देणाऱ्या पंचांनीं व पर्यवेक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कित्येकदां आपल्या भेटींत बोध पुष्कळ होतो आणि हर्षाचें नांव नसतें.

परंतु बर्णबास हेंही कळलें कीं, नुसत्या हर्षावर मंडळी उभी राहात नाहीं. तिला शिक्षण पाहिजे, आणि तें देण्याचें सामर्थ्य आपल्यापेक्षां दुसऱ्या एकापाशीं अधिक आहे. तो तार्सास गेला, शौलास शोधून काढिलें आणि घेऊन आला. आपल्याहून मोठा शिक्षक आपण होऊन आणून आपल्या शेजारीं बसविणें, हें पुष्कळ उपदेशकांस जड जातें. बर्णबास गेलें नाहीं. मग त्या दोघांनीं पुरें एक वर्ष मंडळींत मिळून मिसळून राहून पुष्कळ लोकांस शिकविलें. एखाददुसऱ्या सप्ताहाची सभा झाली, पाहुणा वक्ता आला, मंडप घातला, रडारड झाली आणि सर्व आपापल्या घरीं गेले, अशांतला हा प्रकार नव्हता. सभा-मंडपांचा आम्ही निषेध करीत नाहीं. पण नांगरट एका दिवसाची आणि पीक वर्षाचें, असें कधीं होत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आमच्या मंडळींत अर्ध्या लोकांस वाचतां येत नाहीं, त्यांस वर्षभर शिकवावें काय आणि कसें? त्यास उत्तर असें कीं, अंत्युखियांतही बहुतेकांस वाचतां येत नव्हतें. छापखाना नव्हता, हातानें लिहिलेल्या गुंडाळ्या महाग, घरोघरीं शास्त्र असणें अशक्यच. एकानें वाचावें व शंभरांनीं ऐकावें, ऐकलेलें परस्परांस म्हणून दाखवावें आणि तोंडपाठ करावें, हीच त्या काळची शाळा. आपल्याकडेही अक्षरओळख नसलेल्या आज्यांस जात्यावरच्या शेंकडों ओंव्या पाठ असत, आणि रेव्ह. नारायण वामन टिळक यांचीं पदें कधींही पुस्तक हातीं न धरणाऱ्यांच्या तोंडीं बसलीं, तीं ऐकूनच. मग महिन्याला शास्त्राचा एक उतारा बसणार नाहीं असें म्हणण्यास आधार काय? एका महिन्यांत एक म्हटला तरी वर्षाचे बारा होतात. एका रविवारीं उपदेशकानें वाचावा, दुसऱ्या रविवारीं मुलांनीं म्हणावा, तिसऱ्या रविवारीं स्त्रियांनीं, आणि चौथ्या रविवारीं एखाद्या शेतकऱ्यानें उभें राहून त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगावा. तो अडखळेल. अडखळूं द्यावा. ज्या मंडळींत एकच मनुष्य बोलतो व बाकीचे वर्षानुवर्षें माना डोलावितात, तेथें तो एक मनुष्य आजारी पडला कीं सर्व मंडळी आजारी पडते.

ह्याच शहरांत शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम पडलें. तें त्यांनीं स्वतः घेतलें असें लूक म्हणत नाहीं. बाहेरच्यांनीं, बहुधा थट्टेनें, दिलें असावें. आपल्या वडीलधाऱ्यांस गांवकऱ्यांनीं ‘बाटगे’ म्हणून हिणविलें, तें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस याचा अर्थ समजावून सांगावयास नको. लक्षांत घेण्यासारखें हें कीं, शहरवाल्यांस नवें नांव शोधावें लागलें. यहूदी म्हणावें तर यांच्यांत ग्रीक आहेत, ग्रीक म्हणावें तर यहूदी आहेत. जुन्या कोणत्याच नांवांत हे लोक बसेनात.

पुढें यरुशलेमाहून अगब नांवाचा संदेष्टा आला आणि त्यानें मोठ्या दुष्काळाची सूचना दिली. हा दुष्काळ क्लौद्य बादशहाच्या कारकीर्दींत (इ. स. 41 ते 54) पडला. यहूदी इतिहासकार योसेफस यानेंही यहूदीयांतील दुष्काळाचें वर्णन केलें असून, अदियाबेनेची राणी हेलेना हिनें मिसर देशांतून धान्य व कुप्रांतून सुके अंजीर विकत आणून यरुशलेमच्या भुकेलेल्यांस वांटिले, असें तो सांगतो. राणीनें राणीसारखें दिलें. अंत्युखियाच्या शिष्यांनीं प्रत्येकीं आपापल्या ऐपतीप्रमाणें दिलें. वर्ष-दीड वर्षाची ही बाल-मंडळी. तिला यरुशलेमाकडून मदत मागण्याचा हक्क आहे असें कोणी म्हटलें असतें तर तें आश्चर्याचें नव्हतें. पण तीच मदत पाठविती झाली, आणि तीही अशा यहूदी बंधूंस, कीं ज्यांच्यांतील कित्येकांस ग्रीक विश्वासी अजून अर्धवट ख्रिस्ती वाटत होते. स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर पीठ किंवा तांदूळ बाजूस काढून ठेवणाऱ्या आपल्या बहिणी याच पंक्तींत बसतात. वर्षाच्या शेवटीं ती मूठ किती झाली हें पाहण्यापेक्षां ती कोणासाठीं काढिली हें पाहावें. मंदिराच्या दुरुस्तीसाठीं देणारी मंडळी पुष्कळ ठिकाणीं आढळते. ज्या गांवाचें तोंडही पाहिलेलें नाहीं त्याच्यासाठीं देणारी क्वचितच.

तेराव्या अध्यायाच्या आरंभीं पांच नांवें आहेत. बर्णबा, शिमोन, ज्याला निग्र म्हणजे काळा म्हणत, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कुरेनेचा लूक्य, मांडलिक राजा हेरोद याच्या घरीं त्याच्याबरोबर वाढलेला मनाएन, आणि शौल. ज्या हेरोदानें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें मस्तक तबकांत मागविलें, त्याचाच हा दूधभाऊ मनाएन. आणि ज्या शौलानें स्तेफनाच्या मरणास संमति दिली, त्याच मरणामुळें पांगलेल्यांच्या मंडळींत तो आतां शिक्षक. हे पांच जण एकत्र उपास व प्रार्थना करीत असतां पवित्र आत्म्यानें सांगितलें कीं, बर्णबा व शौल यांस माझ्या कामासाठीं वेगळे करा. पांचांतील दोघे, आणि तेही सर्वांत उपयोगाचे! मंडळीनें पुन्हां उपास केला, त्यांच्यावर हात ठेविले व त्यांस जाऊं दिलें. आपल्याकडे घरांतील हुशार मुलगा मामलेदार किंवा डॉक्टर व्हावा आणि कोठेंच न खपणारा मुलगा सेवेस द्यावा, अशी एक रीत पडून गेली आहे. तिच्यावर अधिक लिहावेंसें वाटत नाहीं.

ते दोघे परत आले तेव्हां त्यांनीं मंडळी जमवून देवानें काय काय केलें तें सांगितलें, आणि नंतर पुष्कळ दिवस शिष्यांबरोबर राहिले. पाठविलेला मनुष्य परत येऊन हिशेब देतो आणि मंडळी तो ऐकते, हेंही बळाचेंच काम आहे.

येथवर जें पाहिलें त्यावरून अंत्युखियाची मंडळी अगदीं निर्दोष होती असें वाटेल. ती तशी नव्हती. आणि आजच्या पाठाचा गाभा पुढेंच आहे.

गलतीकरांस लिहितांना पौल सांगतो कीं, पेत्र अंत्युखियास आला असतां प्रथम तो विदेशी विश्वाऱ्यांच्या पंक्तीस बसून जेवीत असे. पुढें याकोबाकडून कांहीं माणसें आलीं, तेव्हां सुंता झालेल्यांच्या भयानें तो मागें सरूं लागला व वेगळा राहूं लागला. त्याचें पाहून इतर यहूदी विश्वासीही सरले. इतकेंच नव्हे तर बर्णबासुद्धां त्यांच्या ढोंगांत ओढला गेला. ही गोष्ट यरुशलेमच्या सभेच्या आधींची कीं नंतरची, यावर पंडितांत वाद आहे. आपल्या पाठास त्यामुळें फरक पडत नाहीं.

पेत्रानें कोणतें खोटें मत शिकविलें? एकही नाहीं. त्याला विचारिलें असतें तर, देव पक्षपाती नाहीं, असेंच त्यानें सांगितलें असतें. कर्नेल्याच्या घरीं तो तसें बोललाही होता. त्यानें ग्रीक बंधूंस अपशब्द बोलल्याचें पौल सांगत नाहीं. मंडळींतून काढिल्याचें तर नाहींच. तो केवळ पंक्तींतून उठला. हें सर्व किती मुकाट्यानें झालें असेल याची कल्पना आपल्या लोकांस जितकी करितां येईल तितकी इतर देशच्या वाचकांस क्वचितच येईल. आज पोट बरें नाहीं म्हणावें. उद्यां आलेल्या पाहुण्यांबरोबर बसतों म्हणावें. परवां कोणीं विचारूंच नये. ज्याच्या शेजारचें पान रिकामें राहिलें त्याला मात्र पहिल्याच दिवशीं कळतें. आणि ज्याच्या शेजारून बर्णबा उठला, त्या ग्रीक भावाच्या मनांत काय आलें असेल? ज्या मनुष्यानें येऊन आपल्याविषयीं प्रथम हर्ष केला, तोच!

पौलानें सर्वांसमक्ष पेत्रास विचारिलें. खाजगी रीतीनें समजाविलें असतें तर अधिक सभ्य दिसलें असतें, असें म्हणणारे आहेत. परंतु दोष उघड घडला होता आणि ज्यांचा अपमान झाला ते तेथेंच उभे होते. एका कोपऱ्यांत कुजबुजून पेत्राची अब्रू राखली असती, तर त्या बंधूंची अब्रू कोणीं राखावी? पौलाच्या मतें हा प्रश्न भोजनाचा नव्हताच. मनुष्य ख्रिस्तावरील विश्वासानें नीतिमान ठरतो हें जर खरें, तर पंक्तींत दुसरें कांहीं विचारणें म्हणजे तें खोटें म्हणणें होय. पेत्रानें काय उत्तर दिलें हें पौल लिहीत नाहीं. पुढें करिंथकरांस लिहितांना मात्र तो पेत्राचा व बर्णबाचा उल्लेख सहकारी म्हणूनच करितो. मनांत अढी राहिल्याचें त्यांत दिसत नाहीं.

आपल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळीं भाकर एक असते व प्याला एक असतो. हें मोठें आहे, आणि आपल्या पूर्वजांनीं तें सहज मिळविलेलें नाहीं. पण मंदिराच्या पायऱ्या उतरल्यावर काय होतें? सोयरीक जमवितांना बाप्तिस्म्याचा दाखला पाहण्यापूर्वीं आजोबांची जात विचारण्यांत येत नाहीं काय? दोन वस्त्यांचे विश्वासी एका मंदिरांत बसतात, पण लग्नाच्या पंगतींत कोण कोणाच्या हातचें वाढलेलें घेतो, हें कोणी बोलत नाहीं आणि सर्वांस ठाऊक असतें. पंच निवडतांना आपल्या वाड्याचे हात किती वर झाले हें मोजण्यांत येतें. ज्यांस गांवानें पाणवठ्यावरून दूर केलें, त्यांनींच आपल्यांत पुन्हां वरची व खालची पायरी पाडावी, यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं. याविषयीं उपदेश पुष्कळ ऐकूं येतो. पेत्रालाही उपदेश पाठ होता.

अंत्युखियांत पुढें मार्कावरून पौल व बर्णबा यांच्यांत तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले; तरी मंडळीचे दोन तट पडल्याचें लूक सांगत नाहीं, आणि पौल नंतरही तेथें येऊन कांहीं काळ राहिला (18:22-23).

दुसऱ्या शतकाच्या आरंभीं या मंडळीचा अध्यक्ष इग्नात्य यास पकडून शिपायांच्या पहाऱ्यांत रोमास नेण्यांत आलें. वाटेंत त्यानें लिहिलेलीं सात पत्रें आजही उपलब्ध आहेत. आपल्या मागें सूरियांतील मंडळीस आतां देवच पाळक आहे, अशा आशयाचें तो रोमकरांस लिहितो. आणि इतर मंडळ्यांस विनवितो कीं, तिच्यासाठीं प्रार्थना करा, तिच्याकडे माणसें पाठवा. मरणाच्या वाटेवर असतां त्याला मागें राहिलेल्यांची काळजी होती. चौथ्या शतकांत याच शहरांत जन्मलेला योहान, ज्याला पुढें ख्रिसोस्तोम म्हणजे सुवर्णमुख हें नांव मिळालें, 386 पासून बारा वर्षें येथें उपदेश करीत होता. मंडळी रोज सुमारें 3000 विधवा व कुमारिकांचें पोषण करिते, शिवाय कैदी, आजारी व परदेशी यांसही पाहते, असें त्यानें आपल्या एका प्रवचनांत सांगितलें. आणि तें सांगितलें स्तुतीसाठीं नव्हे, तर श्रीमंतांनीं मनांत आणिलें तर शहरांत एकही गरीब उरणार नाहीं, हें दाखविण्यासाठीं.

पण त्याच शतकांत या मंडळींत फूटही पडली. एकाच शहरांत दोन दोन, क्वचित् तीन अध्यक्ष, आणि प्रत्येकाचे अनुयायी वेगळे! ही फूट पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकली. आरंभीं मतांचा वाद होता; पुढें दोन पक्षांचीं मतें जवळजवळ एक झालीं तरी पक्ष राहिलेच, कारण माणसांस पक्षाची संवय झाली होती. त्या वेळीं मंदिरें भव्य होतीं आणि राजाश्रयही होता.

शहराचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. 526 सालीं भूकंपानें तें उद्ध्वस्त झालें, 540 त इराणी सैन्यानें लुटलें, 1268 त मामलूक सुलतानानें घेतलें. आज तें तुर्कस्तानांत अंताक्या या नांवानें आहे. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपांत तेथील बहुतेक वस्ती व ख्रिस्ती मंदिरेंही पडलीं. केरळांतील सूरियन मंडळ्यांपैकीं कांहीं आजही आपल्या प्रमुख धर्माध्यक्षास अंत्युखियाचा कुलपति म्हणतात, जरी त्यांची गादी त्या शहरांत कित्येक शतकें नाहीं.

ज्या गांवीं हा पाठ घेतला जाईल तेथें प्रवचन आटोपतें घ्यावें. प्रत्येक घरानें आपली भाकरी व कोरड्यास आणावें, सर्व भाकऱ्या एका टोपलींत घालाव्या, आणि वाढावयास दोन्ही वस्त्यांतील बायका-पुरुषांनीं उभें राहावें. जेवण्यापूर्वीं गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायांतील अकरा ते चौदा हीं वचनें कोणा तरुणानें वाचावीं. मग सर्वांनीं एका पंगतीस बसावें. उपदेशकानें शेवटीं बसावें, आणि कोण आलें नाहीं हें मनांत ठेवून दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरीं जाऊन जेवावें.